मोबाइलने सांगितलेला इन्सुलिनचा डोस द्यायचा का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी ११ वर्षांची, वजन ३२ किलो. दोन वर्षांमागं टाइप वन शुगर निघाली. मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, घरी यायला रात्रीचे नऊ होतात. इंजेक्शन बायको देते. पुण्याच्या भाच्यानं फोनमध्ये एक ॲप घालून दिलंय. साखर किती आणि जेवण काय ते लिहिलं की किती युनिट द्यायचं ते सांगतंय. बायको म्हणते, मशीनवर भरवसा ठेवून पोरीला सुई कशी टोचू? भाचा म्हणतो, परदेशात सगळे असंच करतात. आम्ही काय करायचं?"

तुमचा भाचाही खोटं बोलत नाही आणि वहिनींची भीतीही खुळी नाही. पण उत्तर देण्याआधी मला जे कळायला हवं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीला इन्सुलिन कोणतं चालू आहे? फ्रिजमधली बाटली काढा आणि वरचं नाव वाचा.

बाटलीवर ३०/७० लिहिलेलं असेल तर ते ॲप आजच फोनमधून काढून टाका. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून आणि गावच्या मेडिकलमधून बऱ्याचदा हीच बाटली मिळते. त्यात ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के सावकाश चालणारं इन्सुलिन मिसळलेलं असतं, सकाळ-संध्याकाळ दोनदा द्यायचं. ॲप धरून चालतं की तुमच्याकडे जेवणाचं इन्सुलिन वेगळं आहे आणि दिवसभर पाठीमागे चालणारं वेगळं आहे. मिश्रणात तसं नसतं. आज पोळ्या जास्त खाल्ल्या म्हणून ॲपने सकाळी तीन युनिट वाढवायला सांगितले, तर त्यातले दोनाहून जास्त सावकाश चालणाऱ्या भागाचे. ते दुपारी शाळेत साखर पाडणार. ३०/७० वर असलेल्या मुलाला जेवणच डोसाप्रमाणे ठरलेल्या वेळी द्यावं लागतं, डोस जेवणाप्रमाणे हलत नाही. त्यामुळे तिथे या हिशेबाला कामच नाही.

दिवसातून एकदा लांब चालणारं आणि दर जेवणाला छोटं, असं चार सुयांचं गणित चालू असेल तर मात्र पुढचं वाचा. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या आपल्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही कल याच पद्धतीकडे आहे, आणि ॲप खरं तर याच पद्धतीसाठी बनलेलं असतं.

ॲप आत काय करतं ते एकदा कागदावर करून बघा, निम्मी भीती तिथेच जाईल. तुमच्या मुलीचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून समजा, दिवसभराचं सगळं इन्सुलिन मिळून २८ युनिट आहे. ५०० आणि १८०० हे डॉक्टरांचे ठरलेले ठोकताळे. ५०० ला २८ ने भागा, साधारण १८ येतात. म्हणजे एक युनिट १८ ग्रॅम कर्बोदकं पचवतं. १८०० ला २८ ने भागा, ६४ येतात. म्हणजे एक युनिट साखर ६४ ने उतरवतं. रात्री जेवायच्या आधी साखर २१० आहे, आपल्याला १२० हवी. वरचे ९० उतरवायला १.४ युनिट. ताटात भाकरी आणि वाटीभर आमटी, मिळून ५४ ग्रॅम कर्बोदकं, त्याला ३ युनिट. बेरीज ४.४. चौथीच्या पोराला येईल असं गणित.

मग मशीन कशाला? तर पुढच्या एका वजाबाकीसाठी. मुलगी पाच वाजता शाळेतून आली, तिने दोन डोसे खाल्ले, वहिनींनी ३ युनिट दिले. आता सात वाजलेत. लवकर चालणारं इन्सुलिन चार तास टिकतं असं धरलं, तर त्यातलं निम्मं, दीड युनिट, अजून अंगात काम करतंय. म्हणजे वरच्या ९० साठी १.४ युनिट द्यायची गरजच नाही, ते काम आधीचं इन्सुलिन करणार आहे. फक्त जेवणाचे ३ द्यायचे. दमलेली आई दिवसातून पाच वेळा हे शिल्लक इन्सुलिन डोक्यात धरू शकत नाही. मीही धरू शकत नाही. इथे मशीन माणसापेक्षा सरस, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते.

आता यातली मेख. चार तास हा आकडा कुणी टाकला? ५०० आणि १८०० हे नियमही नवीन, झटपट चालणाऱ्या ॲनालॉग इन्सुलिनचे आहेत. तुमच्या बाटलीवर ‘रेग्युलर’, म्हणजे जुनं, त्याहून हळू चालणारं इन्सुलिन, असेल तर हिशेब ४५० आणि १५०० चा, सुई जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि ते अंगात सहा ते आठ तास राहतं. काही वर्षांपूर्वी निपाणीकडचा एक मुलगा माझ्याकडे पहाटे बेशुद्ध अवस्थेत आला होता. रात्री आठला जेवण, रेग्युलरचे ७ युनिट. बाराला साखर २६०. ॲपमध्ये लिहिली. ॲपला वाटलं, चार तास झाले, अंगात काही शिल्लक नाही. त्याने दुरुस्तीचा, म्हणजे चढलेली साखर उतरवायचा, पूर्ण डोस सांगितला, बापाने दिला. पहाटे साडेतीनला पोरगं घामाने चिंब, हाक मारली तर ओ नाही. त्या घरात कुणीही काही चुकीचं टाइप केलेलं नव्हतं. मूळ सेटिंग ज्याने ॲप घालून दिलं त्याने हात न लावता तसंच ठेवलं होतं, एवढंच. मुलगा वाचला, आता आयटीआय करतोय.

म्हणून भाच्याला सांगा, बाबा, ॲप तू घाल, पण चार आकडे डॉक्टर भरणार: एका युनिटला किती ग्रॅम, एका युनिटला साखर किती उतरते, कितीवर आणायची आणि इन्सुलिन किती तास टिकतं. यातले पहिले दोन आकडे भागाकाराने फक्त सुरुवातीला काढायचे. नंतर वही बघून, रात्री दोनची साखर बघून ते हलवायचे. बऱ्याच मुलांना सकाळच्या एका युनिटला कमी ग्रॅम बसतात आणि रात्रीच्या एका युनिटला जास्त, त्यामुळे सगळ्या दिवसाला एकच आकडा चालत नाही. मुलगी वयात येऊ लागली की इन्सुलिन वाढतं. ११ वर्षं म्हणजे ते दिवस दारातच आहेत. आज बसवलेले आकडे सहा महिन्यांनी जुने होणार.

इथे माझीच एक चूक सांगते. एका मुलीचे आकडे मी बदलले, फाइलमध्ये लिहिले, आईला तोंडी समजावले. फोनमध्ये बदलले का हे विचारायचं राहून गेलं. तीन महिन्यांनी आई तक्रार घेऊन आली, "मॅडम, तुम्ही बदललासा खरं, साखर तिथंच हाय." असणारच. ॲप जुन्याच आकड्यांवर चाललं होतं आणि आई ॲपचं ऐकत होती. तेव्हापासून आकडे बदलले की पेशंट खुर्चीत असतानाच फोन हातात घेते, सेटिंग बदलते, त्याचा फोटो काढून फाइलला लावते.

आता भाकरी. तुम्ही ॲपमध्ये जेवण ‘लिहिता’ म्हणजे नक्की काय लिहिता? परदेशी ॲपमध्ये ब्रेडचे तुकडे असतात, पिझ्झा असतो, केळंसुद्धा लहान-मोठं निवडता येतं. ज्वारीची भाकरी सापडली तर ‘एक नग’ अशी सापडते. एक नग म्हणजे केवढी? मी आयांना घरची भाकरी आणि घरची वाटी घेऊन यायला सांगते, टेबलावर स्वयंपाकघरातला काटा ठेवलेला असतो. अथणीकडच्या एका आजींनी आणलेली भाकरी त्यांच्याच हिशेबाने ८० ग्रॅम पिठाची होती. बेळगाव शहरातल्या एका सुनेची ४५ ग्रॅम पिठाची. दोघीही तिला ‘एक भाकरी’ म्हणतात. ज्वारीच्या पिठात वजनाच्या दोन तृतीयांशाहून थोडी जास्त कर्बोदकं असतात. म्हणजे एकीची भाकरी ३० ग्रॅमची आणि दुसरीची ५४ ग्रॅमची. वरच्या हिशेबाने सव्वा युनिटहून जास्त फरक, तोही फक्त भाकरीत. ॲपला यातलं काही कळत नाही, ते १८ ने भागून दशांशापर्यंत उत्तर देतं आणि उत्तर दशांशात आलं की माणसाला ते खरं वाटतं.

तुम्ही खानापूरकडचे, म्हणजे भात जास्त. शिजलेला भात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं. पण भात कोण मोजून खातं? म्हणून एक वाटी ठरवा, तिच्यावर नेलपेंटने खूण करा, पंधरा दिवस त्या वाटीनेच भात वाढा. पेजेचं वेगळं गणित, तीत पाणी किती त्यावर. चिरमुरे फसवे असतात, वाडगा भरून दिसतो आणि वजन भरतं २० ग्रॅम, त्यात १५-१६ ग्रॅम कर्बोदकं. उलट कुंदा बोटाएवढा खाल्ला तरी खवा आणि साखर दोन्ही पोटात गेली, आणि तो ‘दुधाचा आहे’ म्हणून ॲपमध्ये दूध लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. मुलीने कुंदा खाऊच नये असं मी म्हणत नाही. खाल्ला तर लिहा.

मटणाचा रविवार असला की आणखी एक प्रकार होतो. जेवणानंतर दोन तासांनी साखर छान १४०, आई खूश, आणि पहाटे २८०. तेलातुपाचं जेवण पोटातून सावकाश सरकतं, साखर उशिरा चढते, तोवर झटपट इन्सुलिन संपलेलं असतं. साधं ॲप कर्बोदकांपलीकडे बघत नाही. पुरणपोळीवर तुपाची धार घातली की तीच गत. यावर उपाय आहेत, डोस दोन भागात देण्यासारखे, पण ते वही बघून, समोरासमोर ठरवायचे.

खेळाचंही तसंच. जुलैत तुमच्याकडे रोपलावणी सुरू झाली की पोरंही बांधावर असतात. खो-खोची प्रॅक्टिस असते. दिवसभर चिखलात राबलेल्या पायांचे स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, आणि साखर पडते ती खेळताना कमी, रात्री झोपेत जास्त. ॲपमध्ये ‘व्यायाम’ असा खटका असतो, पण तो आज दाबायचा हे आईला सुचायला हवं. मी सांगते, लावणीच्या दिवसांत रात्रीची दुरुस्ती अर्धीच, आणि झोपण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर काहीतरी खायला देऊनच झोपवा. ‘अर्धी’ हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून पक्का करून घ्या.

आणि आजारपण. इथे मी अजिबात सवलत देत नाही. मुलगी ओकतेय, काही खात नाही, ॲपमध्ये जेवण शून्य लिहिलं, ॲप म्हणालं डोस शून्य, घरच्यांनी लांब चालणारं इन्सुलिनही दिलं नाही. टाइप वनच्या मुलांना दवाखान्यात आणणारं हे फार जुनं कारण आहे, फक्त पूर्वी शेजारीण सांगायची, आता फोन सांगतो. जेवली नाही तरी लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. तापात तर ते उलट जास्त लागतं. साखर २५० च्या वर अडून बसली असेल तर लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारं आम्ल, बघायचे, पट्ट्यांची डबी घरात हवीच. उलट्या चालू आहेत, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तोंडाला गोडसर वास येतोय, तर ॲप बंद करा आणि गाडी काढा. कणकुंबी, जांबोटीकडून पावसात बेळगावला यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेवढा वेळ आधी निघा.

आता एक अशी गोष्ट जी इंग्रजीत लिहिलेल्या माहितीत तुम्हाला सापडणार नाही. मराठीतला हाताने लिहिलेला ४ आणि इंग्रजीतला आठ शेजारी शेजारी लिहून बघा. मराठीतला १ आणि इंग्रजीतला नऊ लिहून बघा. तुमच्या घरात आजी मराठी आकडे लिहिते, मुलगी शाळेत दोन्ही शिकते, डॉक्टर इंग्रजी लिहितात, फोन इंग्रजी दाखवतो, आणि आशाताई बऱ्याचदा कन्नडमध्ये नोंद ठेवतात. एका घरात आजीने कॅलेंडरवर दुपारचा डोस ४ लिहून ठेवला, संध्याकाळी आलेल्या काकाने तो आठ वाचला. पोराने स्वतःच "काका, एवढं नसतंय" म्हटलं म्हणून वाचला. इन्सुलिनची वही एकाच लिपीत ठेवा, कोणती ते घरात बसून ठरवा, आणि आकड्याच्या पुढे अक्षरात लिहा: चार, आठ. दशांश असेल तर ‘साडेचार’ असं लिहा. फोनच्या पडद्याला तडा गेलेला असला की ४.५ मधला टिंब कुठे जातो ते कळतही नाही.

सिरिंजचं टोपण बघायची सवय पोरीलाही लावा. आपल्याकडे बाटली बहुतेक करून मिलिलिटरला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिनच्या पेनमधली काडतुसं १०० ची, त्यांच्या सिरिंजला केशरी टोपण. सीमेवरची माणसं औषध अर्धं बेळगावात घेतात, अर्धं कोल्हापुरात, जिथे काम निघेल तिथे. पेन बिघडलं, म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चारच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात १० युनिट जातात. अडीचपट. ॲपने अगदी बरोबर ४ सांगितले असले तरी. आणखी एक: ४० च्या सिरिंजवर प्रत्येक रेघ एक युनिटची असते. ॲप ४.४ म्हणतं तेव्हा तुमच्या हातात ४ किंवा ५ एवढंच आहे. रात्रीच्या डोसाला मी नेहमी खाली जायला सांगते. अर्ध्या युनिटचं पेन मिळतं, लहान मुलांना ते घेण्यासारखं आहे.

भाचा म्हणेल, एवढं घाबरवायला काय झालं, ॲप तर लाखो लोक वापरतात. त्याला सांगा, २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी असे डोस सांगणारे ४६ ॲप तपासले. ४६ पैकी ३१ मध्ये चुकीचा डोस सांगण्याचा धोका निघाला. निम्म्याहून जास्त ॲप एखादा रकाना रिकामा असला तरी उत्तर देत होते. पूर्ण निर्दोष निघालं फक्त एक. त्यानंतर सुधारणा झाल्या आहेत, काही देशांत अशा ॲपला औषधासारखी मंजुरी लागते, पण तुमच्या फोनमधलं कोणतं आहे ते मला ठाऊक नाही. तेव्हा चाचणी घरीच घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. साखर ४० लिहा. ॲपने लाल रंगात ‘आधी साखर खा’ असं काही सांगितलं पाहिजे. न सांगता जेवणाचा पूर्ण डोस दाखवला, तर ते ॲप नको. मग साखर १२०० लिहा, त्याने अडवलं पाहिजे. मग ‘कितीवर आणायची’ हा रकाना पुसून टाका. तरी उत्तर आलं, तर समजा ते तिथे शून्य धरतंय. आपल्या आधीच्या उदाहरणात २१० ला १.४ ऐवजी ३.३ युनिट येतील. शेवटी साखर कोणत्या मापात घेतं ते बघा. आपलं मीटर मिलिग्रॅममध्ये, बरेच परदेशी ॲप मिलिमोलमध्ये. त्यांचा १० म्हणजे आपला १८०.

तरी मी ॲपच्या विरोधात नाही, आणि त्याला कारण आहे. १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं अमेरिका-कॅनडात १४४१ टाइप वन रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात डोळ्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्याच गटात साखर जोरात पडण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. तेव्हापासून सगळी खटपट याचीच चालू आहे की पहिलं मिळावं आणि दुसरं होऊ नये. संगणक यात आला तो त्यासाठी.

वहिनींसाठी एक वेगळी वाट सुचवते. १९९६ मध्ये ‘आयडा’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फुकट ठेवला गेला. त्यात खोटे पेशंट आहेत. त्यांचं जेवण वाढवा, इन्सुलिन पुढे ढकला, दिवसभराची साखर कशी जाते त्याची रेघ पडद्यावर दिसते. करणाऱ्यांनी स्पष्ट बजावलंय की हे शिकण्यासाठी आहे, खऱ्या माणसाचा डोस यावरून ठरवायचा नाही. दिसायला जुनाट आहे, पण चुका खोट्या पेशंटवर करता येतात. भाच्याला सुट्टीत लावून द्यायला सांगा, रेघा वाचायला इंग्रजी फारसं लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका दहावीच्या मुलाला मी हे दाखवलं, त्याने खोट्या पेशंटला दोन दिवसांत तीनदा बेशुद्ध पाडलं आणि स्वतःचा दुपारचा डोस वेळेवर घ्यायला लागला.

भाचा सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून एक आधीच सांगून ठेवते. स्वतः बांधायच्या प्रणालीबद्दल तो कधीतरी बोलेल, अंगाला चिकटवून सतत साखर बघणारा सेन्सर, इन्सुलिन सोडणारा पंप आणि फोन जोडून २०१५ पासून काही रुग्णांनीच ती सुरू केली. दर पाच मिनिटांनी साखर बघून इन्सुलिन कमीजास्त करणारा कंपनीचा पहिला पंप अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि चांगल्या चालतात, पण पंपाला काही लाख रुपये लागतात, वर दर महिन्याचा खर्च, आणि तरीही जेवण काय खाल्लं ते सांगावंच लागतं. तुमच्याकडे पैसे असतील तर आधी दंडाला लावायचा सेन्सर घ्या, १४ दिवसांचा मिळतो. दर महिन्याला नको, वर्षातून तीन-चार वेळा, आकडे बदलायचे असतील तेव्हा. रात्री काय होतं ते त्याच्याइतकं कुणी दाखवत नाही. फक्त सेन्सर रक्तातली साखर पाच ते पंधरा मिनिटं उशिरा दाखवतो, आणि मुलगी त्या दंडावर झोपली की साखर पडल्याचं खोटंच सांगतो. मुलगी बरी दिसतेय आणि सेन्सर ५० म्हणतोय, किंवा ती घामाघूम आहे आणि सेन्सर ११० म्हणतोय, तर बोटातून बघा. बघायला वेळ नसेल आणि ती थरथरत असेल तर आधी दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

हल्ली लोक फोनमधल्या बोलणाऱ्या एआयलाही डोस विचारतात. भाकरी म्हणजे काय, कीटोन म्हणजे काय, हे विचारा खुशाल, मराठीत बरं समजावतं. आता किती युनिट देऊ हे विचारू नका. मघाशी दिलेले तीन युनिट त्याला सांगायला तुम्ही विसरलात तर ते स्वतःहून विचारेलच याची खात्री नाही, आणि उत्तर मात्र ठाम देतं.

मग सुरुवात कशी करायची? पहिले तीन आठवडे वहिनींनी डोस नेहमीसारखाच द्यायचा, डॉक्टरांनी सांगितलेला. वहीत साखर, जेवण, दिलेले युनिट. त्याच्या शेजारी, सुई देऊन झाल्यावर, ॲप काय म्हणालं असतं तो आकडा. आधी नाही, नंतर. आधी बघितला की हात त्या आकड्याकडेच वळतो. तीन आठवड्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवले की कळतं, ॲप कुठे जास्त सांगतं, कुठे वहिनी घाबरून कमी देतात. माझा अनुभव असा की आया रात्रीचा डोस कमी देतात आणि सकाळचा बरोबर देतात, आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही. दोन्ही आकडे एका युनिटच्या आत येऊ लागले की ॲप वापरायला हरकत नाही. त्यानंतरही फरक दोन युनिटहून जास्त आला तर सुई टोचायची नाही, आधी का ते शोधायचं: मागचा डोस लिहायचा राहिला, भाकरीऐवजी भात लिहिला, टिंब चुकला. सापडलं नाही तर कमी असलेला आकडा घ्या आणि दोन तासांनी साखर बघा.

ॲप नेटवर्कशिवाय चालतं का तेही बघून घ्या, फोन विमान मोडवर टाकून. काही ॲप दर वेळी लॉगिन मागतात, आणि पावसाळ्यात तुमच्या बाजूला टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो. शिवाय फोन तुमच्याजवळ फौंड्रीत आणि मुलगी घरी, असं असेल तर ॲप कुणाच्या कामाचं? चार आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून फ्रिजला लावा. मागचा डोस किती वाजता, किती, हे त्याच्याच खाली पेन्सिलीने.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाटली, सिरिंज, मीटर, वही, फोन, खुणेची वाटी आणि घरची एक भाकरी घेऊन जा. भाच्याला सुट्टी असेल तर त्यालाही न्या. आणि शाळेत दुपारचं इंजेक्शन कोण देतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलगी स्वतः घेत असेल तर ॲपची पहिली शिकवणी तिचीच घ्यायला हवी.